दोन सिग्नलांमधले अंतर

पुण्यातला सराईत दुचाकीस्वार सिग्नलला थांबतो तेव्हा त्याची नजर समोरच्या लाल आकड्यावर खिळलेली असते. नव्वद, एकोणनव्वद, अठ्ठ्याऐंशी. गाडी बंद करायची की चालू ठेवायची याचा हिशेब त्याच्या डोक्यात तयार असतो. आकडा पाचावर आला की मागचे हॉर्न सुरू होतात, तिनावर पहिली ओळ निघूनही गेलेली असते. एवढी घाई करून पुढच्या चौकात पोहोचावे, तर तिथला दिवा नेमका त्याच क्षणी लाल होतो. रोज, त्याच जागी. याला तो आपले नशीब म्हणतो. पण जे रोज त्याच जागी घडते ते कुणीतरी ठरवलेले असते, किंवा, आपल्याकडे जास्त वेळा, कुणीच ठरवलेले नसते.

टॉमटॉम कंपनीच्या २०२४ सालच्या वाहतूक निर्देशांकात पुण्याचा क्रमांक जगात चौथा लागला. दहा किलोमीटर कापायला सरासरी ३३ मिनिटे २२ सेकंद, म्हणजे ताशी जेमतेम १८ किलोमीटर. कोलकाता आणि बंगळुरू त्याच्याही वर, दुसऱ्या आणि तिसऱ्या जागी. असे आकडे छापून आले की दोन उपाय ठरलेले असतात : उड्डाणपूल, नाहीतर ‘स्मार्ट’ सिग्नल. पहिल्यावर भांडून झाले आहे. दुसऱ्याबद्दल मात्र एक गोड समजूत अजून टिकून आहे, की चौकाचौकांत कॅमेरे लावले आणि सगळे दिवे एका संगणकाला जोडले की ते आपापसांत ठरवून टाकतील. सिग्नलांचा मेळ हा आधी भूगोलाचा प्रश्न आहे आणि संगणकाचा नंतर, हे त्या समजुतीत बसत नाही.

साधा हिशेब करून पाहू. दोन चौकांमध्ये २०० मीटर अंतर आहे आणि वाहने ताशी २४ किलोमीटर वेगाने चालतात. हे अंतर कापायला ३० सेकंद लागतात. तेव्हा पहिला दिवा हिरवा झाल्यावर बरोबर ३० सेकंदांनी दुसरा हिरवा करायचा, म्हणजे निघालेला जथा न थांबता पार होतो. अभियंते याला ‘ऑफसेट’ म्हणतात, आणि असे एकामागून एक उघडत जाणाऱ्या दिव्यांना ‘हिरवी लाट’. जाणाऱ्यांचे काम झाले. आता येणाऱ्यांचे पाहा. दिव्यांचे पूर्ण आवर्तन १२० सेकंदांचे आणि त्यात हिरवा ५५ सेकंद धरला, तर दुसऱ्या चौकातून तिसाव्या सेकंदाला निघालेले लोक पहिल्या चौकात साठाव्या सेकंदाला पोहोचतात. तिथला हिरवा पाचच सेकंदांपूर्वी संपलेला असतो. आता उभे राहा पूर्ण एक मिनिट. एका दिशेचा आनंद दुसऱ्या दिशेच्या खिशातून काढलेला असतो.

आता तेच दोन चौक २०० ऐवजी ४०० मीटरवर आहेत असे धरा. प्रवास ६० सेकंदांचा होतो, म्हणजे बरोबर अर्ध्या आवर्तनाइतका, आणि दोन्ही दिशांची लाट एकाच वेळी जुळते. कुठल्याही संगणकाने काही केलेले नाही. फक्त अंतर बदलले. चंडीगढचे सेक्टर ८०० बाय १२०० मीटरचे आहेत. ताशी ४८ किलोमीटर वेगाने त्यातली ८०० मीटरची बाजू ६० सेकंदांत पार होते, म्हणून त्या बाजूवर हा हिशेब कागदावर तरी सहज बसतो. पुण्याच्या पेठा अशा कुणी फूटपट्टीने आखलेल्या नाहीत. तिथे एक चौक ९० मीटरवर तर पुढचा साडेतीनशेवर, आणि मध्ये एक बोळ जिथून रिक्षा कधी तोंड काढेल ते सांगता येत नाही. जंगली महाराज रस्ता आणि फर्ग्युसन रस्ता एकेरी केल्यावर तिथली वाहतूक जी सुधारली, तिचे एक कारण हेच की एकेरी रस्त्याला परतीची लाट जुळवावी लागत नाही. अंतर कितीही वेडेवाकडे असले तरी चालते.

सिग्नल जोडण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीत १९१७ साली सहा चौकांचे दिवे एकमेकांना जोडले गेले. एक माणूस एकच कळ फिरवून सहाही बदलायचा. टोरांटोने १९६३ मध्ये हे काम संगणकाकडे सोपवले. त्याआधी पाच वर्षे, १९५८ मध्ये, एफ. व्ही. वेब्स्टर या ब्रिटिश संशोधकाने एका चौकाचे आवर्तन किती सेकंदांचे असावे याचे सूत्र मांडले. ते आजही जगभर शिकवले जाते, आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतही. गंमत अशी, की साठच्या दशकात कॅनडात रॉजर टॉमलिन्सन हा भूगोलतज्ज्ञ देशभरच्या जमिनीची नोंद संगणकात कशी ठेवावी या खटपटीत होता. त्यातून जे उभे राहिले त्याला आज आपण भौगोलिक माहिती प्रणाली किंवा जीआयएस म्हणतो. सिग्नलवाले आणि नकाशावाले समांतर चालत राहिले आणि त्यांची खरी गाठ पडायला बरीच वर्षे गेली. आपल्या महापालिकांत तर दोघांचे मजलेही बहुतेक वेगळे असतात.

जीआयएस म्हणजे संगणकावर काढलेला रंगीत नकाशा, एवढीच अनेकांची कल्पना असते. पण त्या रेषांना स्मरण असते. रस्त्याच्या प्रत्येक तुकड्याला स्वतःची लांबी, रुंदी, चढ, दिशा आणि कुठून कुठे वळता येते याची नोंद चिकटलेली असते. त्यावर थर चढवता येतात : बसथांबे, शाळा, भाजी मंडई, दवाखाने, पार्किंग, पावसाळ्यात पाणी साचणाऱ्या जागा. मग प्रश्न विचारता येतात. या रस्त्यावर शाळेच्या दारापासून शंभर मीटरच्या आत किती सिग्नल आहेत? कोणत्या चढावर वाहने उभी राहतात? हा दुसरा प्रश्न क्षुल्लक नाही. वेब्स्टरच्या हिशेबाने चढ एक टक्क्याने वाढला की चौकातून सुटणारी वाहने सुमारे तीन टक्क्यांनी कमी होतात. चार टक्क्यांच्या चढावर सपाटीइतकाच हिरवा दिला तर मागची रांग प्रत्येक फेरीत थोडी थोडी उरत जाते. आणि संध्याकाळी सात वाजता वाहतूक पोलीस शिट्टी वाजवत सगळा हिशेब हाताने चालवू लागतो.

कोणते सिग्नल एकत्र बांधायचे, हा या कामातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय, आणि तो नकाशाशिवाय घेताच येत नाही. आळंदीहून निघालेली दिंडी आठवावी. वेशीतून बाहेर पडताना ती एकसंध असते. घाटापर्यंत जाईतो पुढचे पुढे, मागचे मागे, मध्ये चहापाण्याला रेंगाळलेले वेगळे. हिरव्यावर सुटलेला वाहनांचा जथाही तसाच पांगत जातो. फार लांब गेला की पुढच्या सिग्नलपुढे येणारी वाहने इतकी विस्कळीत होतात की मेळ जुळवण्यात अर्थ उरत नाही. अमेरिकन नियमावली साधारण अर्ध्या मैलाच्या, म्हणजे ८०० मीटरच्या आतले सिग्नल जोडावेत असे सांगते. अधिक बारकाईने पाहायचे तर दोन चौकांमधली वाहनसंख्या घेऊन तिला अंतराने भागतात. भागाकार मोठा असेल तिथे नाते घट्ट, लहान असेल तिथे सैल. हे आकडे नकाशावर जाड-बारीक रेषांनी काढले की शहराच्या वाहतुकीचे नैसर्गिक गट डोळ्यांना दिसू लागतात, आणि ते प्रभागांच्या किंवा वाहतूक विभागांच्या हद्दीशी क्वचितच जुळतात.

आता नकाशाच्या खोटेपणाबद्दल.

संगणकासाठी चौक म्हणजे एक बिंदू, चार रेषा जिथे मिळतात तो. अलका टॉकीजचा चौक, कागदोपत्री लोकमान्य टिळक चौक, असा बिंदू आहे असे म्हणायला धारिष्ट लागेल. लकडी पूल, लक्ष्मी रस्ता, केळकर रस्ता, टिळक रस्ता, शास्त्री रस्ता एवढे सगळे तिथे येऊन पडतात. तो एक लहानसे मैदानच आहे. त्याच्या एका थांबारेषेपासून समोरच्या थांबारेषेपर्यंत जायला लागणारे सेकंद बिंदूच्या नकाशात शून्य असतात, रस्त्यावर नसतात. ताशी २४ किलोमीटर वेगाने ४० मीटर म्हणजे सहा सेकंद; आधीच्या दिशेची वाहने चौकातून बाहेर पडायला तेवढा वेळ लागतो. तो हिशेबात नसला की मध्यभागी गुंता झालाच. म्हणून चांगल्या कामात चौक बिंदूने दाखवत नाहीत, क्षेत्राने दाखवतात, आणि अंतर थांबारेषेपासून थांबारेषेपर्यंत मोजतात. साधा मोबाइल मोकळ्या आकाशाखाली सुमारे पाच मीटरपर्यंत अचूक जागा सांगतो. उंच इमारतींच्या मध्ये त्याहून वाईट. अंतराच्या नोंदीत पन्नास मीटरची चूक झाली तर वर घेतलेल्या वेगाने ती साडेसात सेकंदांची होते. हिरवा जर पंचवीस सेकंदांचाच असेल तर तेवढ्यात जवळजवळ एक तृतीयांश जथा लालमध्ये अडकतो.

दुसरी गफलत उड्डाणपुलांची. नकाशात दोन रेषा एकमेकींना छेदतात; त्यातली एक वरून जाते हे जर नोंदवलेले नसेल, तर संगणक खुशाल समजतो की पुलावरून खाली वळता येते. या बाबतीत पुण्याने नकाशावाल्यांची परीक्षाच पाहिली आहे. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल जुलै २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात पाडला गेला. चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्रीनंतर स्फोटके लावून उडवला. सव्वादोन वर्षांत शहराच्या दोन मोठ्या प्रवेशमार्गांची रचनाच बदलली. मेट्रोच्या खांबांमुळे किती रस्त्यांची एक मार्गिका कमी झाली त्याचा हिशेब आणखी निराळा. अशा शहरात २०१९ च्या नकाशावर बेतलेले वेळापत्रक २०२३ मध्ये चालवणे म्हणजे मागच्या वर्षीच्या पंचांगावरून यंदाची एकादशी धरणे.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो हलका नाही. आता दिवे स्वतः बघतात, मग नकाशा कशाला? सिडनीत सत्तरच्या दशकात तयार झालेली ‘स्कॅट्स’, ग्लासगोत चाचण्या झालेली ‘स्कूट’, आपल्याकडे सी-डॅकच्या तिरुवनंतपुरम केंद्राने बनवलेली ‘कोसिकॉस्ट’ या प्रणाली रस्त्यातल्या संवेदकांवरून किंवा कॅमेऱ्यांवरून वाहने मोजतात आणि हिरव्याचे सेकंद कमी-जास्त करतात. गूगलने २०२३ मध्ये ‘ग्रीन लाइट’ नावाचा प्रकल्प बारा शहरांत चालू असल्याचे सांगितले. त्यात कोलकाता, बंगळुरू आणि हैदराबादही होती. तिथे संवेदकही लागत नाहीत. लोकांच्या फोनमधल्या नकाशावरून गाड्या कुठे थांबतात ते कळते आणि कोणत्या सिग्नलचा वेळ किती बदलावा ते पालिकेला सुचवले जाते.

हे सगळे उपयोगाचे आहे, यात वाद नाही. पण कॅमेरा त्याच्या खांबावरून दिसते तेवढेच पाहतो. त्याला रांग दिसते. दोनशे मीटर पुढे बस चुकीच्या जागी थांबते म्हणून ती रांग आहे, हे दिसत नाही. कोणते चौक एका गटात घालायचे, त्यांच्यात अंतर किती, कोणत्या दिशेला मान द्यायचा, हे स्कॅट्सलाही आधी कुणीतरी भरून द्यावे लागते. शिवाय स्कॅट्स आणि स्कूट ज्या देशांत जन्मल्या तिथे गाड्या मार्गिकेत चालतात. आपल्याकडे थांबारेषेच्या पुढे दुचाकींचे दाट मोहोळ जमते, त्याला मार्गिका नसते आणि रांगही नसते. डांबरात पुरलेली तारेची कडी तिथे काय मोजणार?

मोजणीचा प्रश्न निघाला की तांत्रिक वाटणाऱ्या गोष्टीत राजकारण शिरते. भारतीय रस्ते परिषदेच्या १९९० च्या मार्गदर्शिकेत प्रत्येक वाहनाचे मूल्य मोटारीच्या मापात दिले आहे. मोटार एक. दुचाकी अर्धी ते पाऊण. रिक्षा १.२ ते २. बस २.२ ते ३.७. हातगाडी २ ते ३. ही मूल्ये वाहन किती जागा अडवते आणि किती सावकाश चालते त्यावर ठरली, त्यात कुणाचा पक्षपात नाही. पण त्यांचा परिणाम पाहा. पन्नास माणसांनी भरलेली पीएमपीची बस हिशेबात जास्तीत जास्त पावणेचार मोटारींएवढी ठरते, आणि त्या चार मोटारींत बहुधा सहा माणसे असतात. वाहने मोजून बेतलेली हिरवी लाट म्हणूनच मोटारीला झुकते माप देते, कुणी ठरवले नसले तरी. फोनवरून मिळणाऱ्या माहितीत आणखी एक गळती होते. जुन्या मार्गदर्शिकेने जिला दोन-तीन मोटारींइतके वजन दिले ती हातगाडी तिथे बहुतेक शून्य असते. मंडईजवळ मात्र रस्ता तीच अडवते.

जीआयएस इथे खऱ्या अर्थाने कामाला येते, कारण तिच्यात माणसांचा थर घालता येतो. तिकीट यंत्रांतून कोणत्या थांब्यावर किती लोक चढले ते कळते; तो आकडा रस्त्याच्या तुकड्याला जोडला की वाहनांच्या नकाशाशेजारी माणसांचा नकाशा उभा राहतो. दोन्ही वेगळे दिसतात. मग कोणत्या नकाशासाठी दिवे लावायचे, हा निर्णय नगरसेवकांनी आणि नागरिकांनी घ्यायचा, अभियंत्याने एकट्याने नव्हे. झुरिकच्या मतदारांनी तो घेतला. १९६२ आणि १९७३ मध्ये त्यांनी जमिनीखालच्या खर्चिक रेल्वे योजना नाकारल्या, आणि १९७७ मध्ये रस्त्यावरच्या ट्राम आणि बसना प्राधान्य देण्यासाठी पैसा मंजूर केला. तेव्हापासून तिथले सिग्नल ट्राम येताना ओळखतात आणि तिला वाट करून देतात. कोपनहेगनने २००७ च्या सुमारास नोरेब्रोगेड या रस्त्यावर ताशी २० किलोमीटरची लाट बसवली, खास सायकलस्वारांसाठी. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणवणाऱ्या पुण्याने हे वाचून थोडे ओशाळायला हरकत नाही.

आणि पायी चालणारा? मेळ जुळवायचा तर गटातल्या सगळ्या सिग्नलांचे आवर्तन सारखे, किंवा एकमेकांच्या पटीत, ठेवावे लागते. ते ठरते सर्वांत मोठ्या, सर्वांत तुंबलेल्या चौकावरून. तिथे १८० सेकंद लागत असतील तर शेजारच्या लहान चौकालाही १८० सेकंदच, जिथे एरवी ६० पुरले असते. तिथे रस्ता ओलांडू पाहणाऱ्या आजीला अडीच मिनिटे उभे राहावे लागते, आणि एवढा वेळ कुणीच उभे राहत नसल्यामुळे तीही मधूनच धावते. नियोजनात चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरण्याची पद्धत आहे. २४ मीटरचा रस्ता त्या हिशेबाने २० सेकंदांचा. गुडघे दुखणाऱ्या माणसाचा वेग ०.८ मीटर असेल तर ३० सेकंदांचा. लहान चौकाचे आवर्तन मोठ्याच्या निम्मे ठेवता येते, लाट मोडत नाही आणि पादचाऱ्याची वाट पाहणे अर्ध्यावर येते. पण हे कुठे करायचे ते कळायला शाळा, दवाखाने, ज्येष्ठांची वस्ती नकाशावर हवी. पुणे महापालिका २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन साजरा करते आणि लक्ष्मी रस्त्याचा एक भाग वाहनांना बंद ठेवते. उत्तम आहे. उरलेल्या ३६४ दिवसांचे सेकंदही मोजले तर आणखी उत्तम.

वेळेचाही नकाशा लागतो. अनंत चतुर्दशीला मध्य पुण्यातल्या सिग्नलांना कुणी विचारत नाही आणि विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. त्या दोन दिवसांची आकडेवारी सरासरीत मिसळली तर सप्टेंबर महिन्याचे वेळापत्रकच बिघडते. पालखीचा मुक्काम, लग्नसराई, शाळा उघडण्याचा आठवडा, पहिला मोठा पाऊस यांची वेगळी नोंद ठेवून वेगळी वेळापत्रके करता येतात. हे ज्ञान आज कुणाकडे आहे? चौकात पंधरा वर्षे उभ्या असलेल्या हवालदाराकडे. त्याची बदली झाली की ते त्याच्याबरोबर जाते.

लाटेकडून फार अपेक्षाही ठेवू नये. लॉस एंजेलिसने १९८४ च्या ऑलिंपिकच्या निमित्ताने सिग्नल जोडायला सुरुवात केली आणि २०१३ मध्ये जवळपास साडेचार हजार सिग्नलांचे जाळे पूर्ण केले. वेग १६ टक्क्यांनी वाढल्याचे तिथल्या वाहतूक विभागाने तेव्हा सांगितले. लॉस एंजेलिसची कोंडी मात्र आजही प्रसिद्ध आहे. रस्ता थोडा मोकळा झाला की नवी वाहने ती जागा भरतात. सिग्नल वेळ वाटून देऊ शकतो, रस्ता रुंद करू शकत नाही. म्हणून तर तो वेळ कुणाला वाटला, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

पुण्यासारख्या शहरात सिग्नल बसवते महापालिका, चालवतात वाहतूक पोलीस, रस्ता खणते मेट्रो, शहराबाहेरचा भाग पीएमआरडीए या प्रदेश विकास प्राधिकरणाकडे आणि महामार्ग प्राधिकरणाकडे, बस पीएमपीकडे. प्रत्येकाकडे आपापला नकाशा आहे. तेव्हा पुढची निविदा काढण्याआधी तीन कामे करावीत, आणि त्यातले एकही महाग नाही. या सगळ्यांनी मिळून एकच नकाशा ठेवावा आणि रस्ता खणल्याच्या, पूल पाडल्याच्या दिवशीच तो बदलण्याची जबाबदारी नाव ठरवून एका अधिकाऱ्यावर टाकावी. प्रत्येक सिग्नलचे आवर्तन, ऑफसेट आणि पादचाऱ्याला मिळणारे सेकंद संकेतस्थळावर जाहीर करावेत, बसचे वेळापत्रक करतात तसे. आणि त्या नकाशात वाहनांच्या आकड्याशेजारी माणसांचा आकडा छापावा. हे होईपर्यंत नव्या कॅमेऱ्यांवर एक रुपयाही खर्च करू नये.